केळीचं पाणी आणि चार खिळे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार, सकाळी ६
मुकादमाने बियाणेवाल्याची डायरी दिली. वर्ष संपत आलंय म्हणून फुकट. आजपासून रोज लिहिणार, दहा ओळी तरी. आश्रमशाळेत आठवीपर्यंत माझं अक्षर वर्गात दुसरं होतं. नववीत शाळा सुटली, नाहीतर पहिलं आलं असतं.

ही डायरी कोणी वाचणार नाही. म्हणून खरं लिहितो.

खरं हे, की दिवाळीत ममता पहिल्यांदाच माझ्या जळगावच्या खोलीवर आली आणि पाचव्या दिवशी खोकत खोकत माहेरी गेली. एसटीत बसताना म्हणाली, तुझ्या खोलीत जीव गुदमरतो. म्हणजे घाण आहे. मी डाळ मिलचा माणूस, अंगावर भुकटी, खोलीला वास असणारच. बायको समजूतदार आहे, नवऱ्याला तोंडावर घाण म्हणत नाही.

२३ तारखेला, रविवारी, सासरे खोली बघायला येणार. दिलवरसिंग पावरा. त्यांची टोळी २५ ला सौराष्ट्रात कापूस वेचायला निघते. खोली पसंत पडली तर ममता माझ्याजवळ राहील. नाही पडली तर टोळीबरोबर, थेट होळीपर्यंत.

तीन आठवडे आहेत. भरपूर झाले.

४ नोव्हेंबर
घरमालक हाशमभाई खाली राहतात. स्कूटरला क्रेट बांधून गल्लोगल्ली फिनाइल, ॲसिड, साबण विकतात. म्हणाले, चाळीसची एक बाटली घे, खोली हॉस्पिटलसारखी होईल. मी हसलो. दुकानदार दुसरं काय सांगणार.

मोबाईलवर एका ताईचा व्हिडिओ आहे. घरच्या घरी सफाई, खर्च शून्य. दोनदा पाहिला. विज्ञान आहे सगळं. विज्ञानात मला पंचवीसपैकी अठरा होते.

ठराव: बाजारच्या औषधाला एक रुपया द्यायचा नाही. वाचलेल्या पैशात ममतासाठी खाट.

५ नोव्हेंबर
व्हिनेगर साठ, सोडा तीस, स्प्रेची बाटली पन्नास, लिंबं वीस. पहिल्यांदा खर्च होतोच. याला गुंतवणूक म्हणतात.

६ नोव्हेंबर, रात्री ८
फरशीवर सोडा टाकला, वर व्हिनेगर मारलं. काय फेस आला! पंधरा मिनिटं नुसता बघत बसलो. फेस बसला तेव्हा फरशी होती तशीच होती. पण आतून साफ झाली असणार.

ममताचा फोन आला. तिने पहिलं हेच विचारलं, खिडकी उघडलीस का. खिडकीला मी एप्रिलमध्ये प्लायवूड ठोकलं आहे. चार खिळे, चार इंची. मिलची भुकटी आत येत होती म्हणून. प्लाय मिलमध्ये पडलेलं होतं, खिळे पण. खर्च शून्य. खरं तर माझी घरगुती सफाई तिथूनच सुरू झाली.

मी म्हणालो, खिडकीचं उद्या बघू, आधी सोड्याचं ऐक. ती ऐकत राहिली. मधे एकदा खोकली. इम्प्रेस झाली असावी.

९ नोव्हेंबर, रविवार
आज मोठं काम. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत लिंबाची सालं, गूळ, पाणी. यातून असा अर्क तयार होतो की थेंबभर टाकला की डाग पळतो. ताई म्हणते तीन महिने ठेवा. माझ्याजवळ दोन आठवडे. म्हणून गूळ तिप्पट टाकला. ताई म्हणते रोज झाकण सैल करा. ताईला वेळ आहे, मला ड्युटी आहे. झाकण पक्कडीने घट्ट करणार होतो, पण पक्कड नाही. दातांनी केलं.

११ नोव्हेंबर
डबल ड्युटी. बाटली फुगली. ताकद धरतेय.

१३ नोव्हेंबर
दुपारी मी मिलमध्ये असताना बाटली फुटली. जरीनाभाभींना, म्हणजे हाशमभाईंच्या बायकोला, सिलिंडर वाटला. त्या अनवाणी रस्त्यावर पळाल्या. संध्याकाळी मला बराच वेळ सांगत होत्या. मी ऐकून घेतलं, त्यांना बीपी आहे.

पांढऱ्या भिंतीवर अर्धा पुरुष उंचीचा पिवळा डाग. आणि मुंग्या. पण मुंग्या आल्या, म्हणजे त्यात केमिकल नव्हतं हे सिद्ध झालं.

ममताने पुन्हा खिडकीचं विचारलं. म्हणालो, भिंतीचं काम काढलंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार
समोरच्या खोलीत उखर्डूनाना राहतात. एरंडोलकडचे. केळी कापायच्या गँगमध्ये आहेत. माणूस देवासारखा, पण स्वच्छतेचं काही नाही. शर्टावर सगळीकडे तपकिरी डाग. लेंग्यावर तेच, टोपीवर तेच. मला वाईट वाटलं. चहा पाजून त्यांना घरगुती सफाई समजावून सांगितली.

नानांनी सगळं ऐकलं, बिडी विझवली आणि म्हणाले, "मनी माय केळनी राखवर कपडा धोये. बगळासारखा निंघेत."

केळी! आणि मी लिंबं विकत आणत होतो. असोद्याच्या शिवारात केळीचे घड कापले की खोडं तिथेच पडतात. कोणी विचारत नाही. खर्च शून्य.

१६ नोव्हेंबर, रविवार
नानांबरोबर असोद्याला गेलो. दोन खोडं सायकलवर आणली, गच्चीवर तुकडे केले. नाना सांगत होते, "पैले वाळाले ठेव भाऊ. मंग जाळ. मंग ती राख पानीमा..." एवढ्यात त्यांच्या गँगचा टेम्पो आला. आठवडाभर रावेरला कापणी आहे. वरून काहीतरी ओरडले, टेम्पोच्या आवाजात कळलं नाही. मी हात हलवला.

१७ नोव्हेंबर
एका तुकड्यावर उभा राहिलो. पाणी निघालं. हे वाळायला महिना लागेल.

१८ नोव्हेंबर, पहाटे ५
विचार केला. राखेत जे असतं ते खोडातूनच येतं. जाळलं की अर्धं धुरात जातं. मग न जाळता सरळ पाणी काढलं तर? पूर्ण ताकद. नानांच्या आईला हे सुचलं नसेल. बिचारी शिकलेली नसेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी ६
मिलला सुट्टी. आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

खोड किसलं, फडक्यात पिळलं, बादलीभर पाणी. नारळाच्या पाण्यासारखं स्वच्छ, वास नाही. सासऱ्यांना बसायला नवी पांढरी चादर आणली आहे, साडेतीनशेची. ती आधी त्यात बुडवली, कोरी करकरीत चादर आणखी उजळावी म्हणून. मग दाराचा पडदा, उशीची खोळ. उरलेल्या पाण्याने भिंतीचा पिवळा डाग पुसला. गेला! हात लागलाच होता म्हणून पूर्ण भिंतच पुसली.

जरीनाभाभी गच्चीवर हाशमभाईंचा पांढरा कुर्ता धूत होत्या, उद्याच्या जुम्म्यासाठी. मी म्हणालो, द्या भाभी, साबण वाया घालवू नका. त्यांनी दिला नाही. त्या खाली गेल्यावर मीच बुडवून परत दोरीवर टाकला. शेजाऱ्यांसाठी एवढं केलं पाहिजे. उद्या कुर्ता बघून विचारतील तेव्हा सांगेन.

सगळं ओलं आहे, पण चमक आत्ताच दिसते. ममताला फोनवर म्हणालो, तुझ्या बाबांचे डोळे दिपतील. ती म्हणाली, "खिडकी?" म्हणालो, खिडकी उघडली तर भुकटी येईल आणि केलेलं सगळं पाण्यात जाईल. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, बाबांबरोबर पिशवी पाठवते, आल्या आल्या उघड.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ७
चादरीवर काहीतरी आहे. बल्बच्या उजेडात तसं दिसत असेल.

सकाळी ७.१५
उन्हात नेली. तसंच आहे. तपकिरी. मधे मधे काळं. चादरीवर महाराष्ट्राचा नकाशा, पडद्यावर बाकीचा देश.

भिंतीबद्दल आत्ता लिहीत नाही.

दुपारी २.३०
हाशमभाई आज चौकडीचा शर्ट घालून नमाजला गेले. जरीनाभाभी कुर्ता घेऊन जिन्यात उभ्या होत्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "पूरे जळगाव में तूच एक मिला रे, जिसको केले का दाग मालूम नहीं."

मी म्हणालो, आमच्या पाड्यावर पावसाची शेती आहे भाभी, मका आणि ज्वारी. केळी बघायला मिळते ती बाजारात, पिकलेली. त्या म्हणाल्या, मग खायची ना.

संध्याकाळी हाशमभाई वर आले. भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बादल, तू अच्छा लडका है. बस, किसी चीज को हाथ मत लगाया कर."

कुर्त्याचे पैसे घेत नाही म्हणाले. मी एक बाटली फिनाइल विकत घेतली. माणुसकी म्हणून.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उखर्डूनाना रावेरहून आले. दोरीवरची चादर बघून हसले नाहीत. आपला शर्ट पुढे धरला. काल धुतलेला, म्हणाले. गेली अकरा वर्षं रोज धुतलेला. "केळना डाग शे भाऊ. कपडा फाटी जाई, डाग जावाव नही." टेम्पोतून हेच ओरडले होते, की ओल्या खोडाजवळ कपडा नेऊ नको.

म्हणजे नाना मळके नव्हते. चहा पाजताना मी त्यांना काय काय बोललो ते आठवलं. आठवायचं बंद केलं.

रात्री पूर्ण बाटली फिनाइल फरशीवर ओतून घासली. एकदाच करायचं तर जोरात. दार लावून घेतलं, वास टिकला पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी ११.३०. सासरे बसस्टँडवर उतरले. पहाटे चारला पाड्यावरून निघाले होते. खोलीत आल्या आल्या पिशवी दिली. ममता म्हणाली आहे, आधी ही उघड. मी म्हणालो, बाबा, खाणंपिणं नंतर, आधी फरशी बघा. पिशवी खुंटीला टांगली.

फरशी बघितली. भिंत बघितली. पडद्याला हात लावून विचारलं, छापील आहे का. हो म्हणालो. चादरीवर बसले. डागाबद्दल एक शब्द नाही. मला वाटलं, जमलं.

मग खोकला लागला. पाणी दिलं, थांबेना. ममताचाच खोकला, हुबेहूब. उठून दाराशी गेले, परत आले आणि प्लायवर हात ठेवला. आमच्या बोलीत बोलले, इथे मराठीत लिहितो.

"ही खिडकी का?"

हो, बाबा.

"पोरगी फरशीचं काही बोलली नव्हती. भिंतीचं पण नाही. म्हणाली, बाबा, तेवढी खिडकी बघून ये."

मी म्हणालो, आत्ता काढतो. नखांनी धरून बघितलं, चमच्याने बघितलं. चार इंची खिळे, मीच ठोकलेले, पक्के. पक्कड पाहिजे. हाशमभाईंच्या दाराला कुलूप, सगळे लग्नाला गेलेले. नानांकडे कोयता, त्याने प्लायचा कोपरा तुटला, खिळा हलला नाही. सासऱ्यांची एकची चोपडा गाडी. म्हणालो, बाबा, उद्या नक्की काढतो.

"तीन आठवडे तू तिला हेच सांगतोस," ते म्हणाले. रागाने नाही. मग चप्पल घातली.

रिक्षाचे पैसे मला देऊ दिले नाहीत.

२४ नोव्हेंबर
डबल ड्युटी. ममताने फोन उचलला नाही. माझी बाजू सांगायची होती. फिनाइल ही माझी कल्पना नव्हती, मूळ हाशमभाईंची.

पिशवी तशीच टांगलेली आहे. उघडणार नाही. मलाही राग आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री ८.३०
पहाटे टोळी निघाली. ममता पण. फोनवर तिचा आवाज आला, मागे गाडीचा आवाज. म्हणाली, खातोस ना नीट? आणि पिशवी उघडलीस का? मी हो म्हणालो. मग लाइन गेली.

मेस आज बंद. भूक लागली म्हणून पिशवी काढली. मक्याच्या चार भाकरी, वाळून खापरी झालेल्या. लसणाची चटणी. खाली जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेली पक्कड. तिच्या बाबांची, बैलगाडीच्या कामाची. दांड्याला नवी सुतळी गुंडाळली होती, हाताला लागू नये म्हणून.

रविवारी तासभर ती माझ्या डोक्यावर टांगलेली होती.

२६ नोव्हेंबर, सकाळी ६.४०
चार खिळे. एक एक मिनिटसुद्धा लागलं नाही. प्लाय आपोआप खाली आलं. वारा आला. तीन आठवडे ज्या वासाच्या मागे लागलो होतो तो दहा मिनिटांत गेला. फिनाइलचा पण गेला. थोडी भुकटी आत आली. ओल्या फडक्याने पुसली, साध्या पाण्याने. निघाली. खर्च शून्य.

उजेडात भिंत पूर्ण दिसते.

खिडकीचा फोटो काढून ममताला पाठवला. अजून एकच टिक आहे.