पाळणा माझ्या मिळकतीत नाही

मी, मच्छिंद्र सावळेराम आवारी, वय वर्षे ६८, धंदा शेती व इंजिनदुरुस्ती, राहणार अकोले, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अक्कल ठिकाणावर असल्याबद्दल गावात दुमत आहे, त्याला इलाज नाही.

१. राहते घर, दोन एकर जमीन व पोस्टातील शिल्लक मुलगा गोरक्षनाथ यास मिळावी. पान्यांची पेटीही त्यालाच. त्यातला मोठा पाना माझा धाकटा भाऊ गहिनीनाथ याने नेला आहे, तो मागून घ्यावा. मी सहा वर्षे मागतो आहे.

२. आता नदीची वाळू धुण्याच्या पाळण्याविषयी, कारण भांडण त्यावरूनच होणार. माझ्यामागे पाळणा वडिलार्जित म्हणून आपल्या दारी ओढून नेणार, असे गहिनीनाथने पारावर जाहीर केले आहे. वडील गेले तेव्हा या पाळण्याचे डबे अजून दुकानात तेलासकट होते.

प्रवरा रतनगडाकडून येते. गडाच्या नावात रत्न, तर नदीच्या वाळूत का नसावे, असा माझा तर्क. म्हणून वाळू-खडी धुण्यासाठी डबे कापून, भोके पाडून मी हलता पाळणा केला. त्यातून पाण्यासोबत सगळेच वाहून गेले, माझी एक चप्पलसुद्धा. माझी विधवा बहीण झुंबरबाई काठावरून पाहत होती. म्हणाली, "दादा, असं घुसळत्यात व्हय? सुपात घोळत्यात तसं घोळ. जड हाय ते मागं ऱ्हातं."

मग दुसरा पाळणा झाला. तिने तळाला उतार दिला, आडव्या पट्ट्या ठोकायला लावल्या आणि बारीक कण लोकरीत अडकावा म्हणून आपल्या नवऱ्याची घोंगडी अंथरली. त्यात रंगीत गारगोट्या मिळाल्या, त्या संगमनेरच्या बाजारात अंगठीचे खडे म्हणून खपल्या. सोने एकदाच लागले, शाळेतल्या पुष्पावतीबाईंची घाटावर हरवलेली नाकातली मोरणी. ती परत करावी लागली.

३. सन १९७१ च्या शेतकी प्रदर्शनात पाळण्याला बक्षीस मिळाले. झुंबर दिवसभर पाण्याचे हंडे वाहत होती, शाल मी पांघरली. कल्पना कोणाची, असे साहेबांनी विचारले तेव्हा मी "माझीच" म्हणालो. ती तिथेच उभी होती. परतताना एस.टी.त तिने मला शेंगा सोलून दिल्या. मला आजही लाज वाटते.

४. सबब लिहून ठेवतो की पाळणा झुंबरबाईचा आहे. जे माझे नाही ते मी कोणाला देऊ शकत नाही, म्हणून या मृत्युपत्राने तिला काहीही मिळत नाही. तिची पडवी गेल्या वर्षीच बक्षीसपत्राने तिच्या नावे झाली आहे. गहिनीनाथला पाळणाच हवा असेल तर पहिला द्यावा. चप्पल सांभाळावी.

५. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकीलसाहेब सांगतात. झुंबरला काहीच मिळत नसल्याने तिची साक्ष चालते. दुष्काळी कामाच्या मस्टरवर अंगठा नको म्हणून ती सही शिकली आहे. "धंदा काय लिहू?" असे विचारले तर म्हणाली, "लिव्ह मजुरी." या एका बाबतीत मी तिचे ऐकलेले नाही.

ठिकाण अकोले, दिनांक ११ जून १९७३.
मच्छिंद्र सावळेराम आवारी (सही)

समक्ष साक्षीदार:
पुष्पावती रामचंद्र धुमाळ, धंदा शिक्षिका (सही)
झुंबरबाई बाबूराव हासे, धंदा यंत्रे तयार करणे (सही)