तिसाला एक सूत कमी

मौजे कुंभेफळ
३ जून १९६८

चि. उद्धव यास धोंडीबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या कंपनीचे मुलाखतीचे कागद दोन्ही पोरांना आले. एक तरी चिकटला पाहिजे, यंदा घर चालवणे जड आहे. पॅन्ट घालूनच यावे असे तू लिहिलेस, पण आहेराचे कापड एकाच पॅन्टीपुरते आहे. विलास म्हणतो, मी थोरला, माझ्या मापाने शिवा. खंडू म्हणतो, माझे काय? दोघांची बोलाचाली बंद आहे.

मी न्याय केला. विलासची कंबर सव्वाएकतीस इंच, खंडूची साडेअठ्ठावीस. बेरीज पावणेसाठ. तिचे निम्मे करून शिवून घे. उंची सारखीच आहे. तुझी सरूवहिनी म्हणते, थोरल्याच्या मापाने शिवा, धाकटा पट्टा लावील. पण मग धाकट्यावर अन्याय होतो. कापड ज्योतीरामबरोबर धाडले आहे. पोरे मुलाखतीच्या दिवशीच पोचतील.

घरी सर्वांना माझी आठवण सांग.
धोंडीबा

पिंपरी
१९ जून १९६८

ती. दादांस उद्धवचा शि. सा. नमस्कार.

कॅम्पातल्या शिंप्याने हिशेब केला, तिसाला एक सूत कमी, म्हणजे इंचाचा आठवा भाग कमी. कोणाची कंबर, असे त्याने विचारले. असा माणूस अजून जन्मला नाही, असे मी सांगितले.

विलास आधी आत गेला. साहेबांनी बसायचा आग्रह केला. तो बसला आणि गुंडी तुटून साहेबांच्या चहात पडली. मग आडोशाला पॅन्ट बदलून खंडू गेला, कंबर एका हाताने धरून. साहेबांनी लोखंडी दांडा मोजायला दिला. त्याला दोन हात लागतात. पोरगे रडकुंडीला आले. तेवढ्यात विलास पायजम्यावरच आत शिरला आणि मागून भावाची पॅन्ट धरून उभा राहिला. खंडूने माप बिनचूक सांगितले. हा कोण, असे साहेबांनी विचारले, तेव्हा माझा थोरला भाऊ, असे तो म्हणाला. मी खिडकीतून पाहत होतो. दादा, हसता हसता माझे डोळे भरून आले.

दोघांनाही घेतले. खंडूला पहिली शिफ्ट, विलासला दुसरी. आता दुसऱ्या पॅन्टचे कापड लवकर धाडावे.

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नये.
उद्धव

मौजे कुंभेफळ
२५ जून १९६८

चि. उद्धव यास आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी रडली. मीही रडलो, पण गोठ्यात जाऊन. गावभर गूळ वाटला. पोरे पुन्हा बोलू लागली हे नोकरीपेक्षा मोठे झाले.

कापडाचे म्हणशील तर घाई कशाला? पहिली शिफ्ट सुटते तेव्हाच दुसरी भरते. गेटावर बदलतील.

पोरांवर लक्ष असू दे.
धोंडीबा