ओढती ठीक, थांबती का?

मंगळवार, नायगाव. दिवेलागण झाली.

लातूरला जाऊन आलो, डोकं उठलंय. आपल्या पोराला, बालाज्याला, माहूरच्या घाटात बंद पडलेल्या कार ट्रेलरवर घालून आणायचा धंदा करायचाय. त्यासाठी मिलिट्रीच्या लिलावातली जुनी गाडी पाहिजे. तिथं दोन होत्या, एक जीप अन् एक ट्रक. पोरगं जीपलाच चिकटलं.

"आबा, कसली दिसती बघा की! पुढं मिलिट्रीचा पांढरा ताराबी हाय!"

अरे, लगीन लावायचंय का तिच्याशी?

विकणारा तसलाच. "काका, डोंगर ओढंल ही."

म्हणलं, ओढंल हो, थांबंल का? उतारावर भरली गाडी बैलाच्या अंगावर येती, हलका बैल तोंडावर पडतो. बैलबाजारात कुणालाबी इचारा. तर दोघं हसाय लागले. आबाला जीपमधीबी बैलच दिसतो म्हणे.

मग म्याच हट्ट धरला. तिथल्याच ट्रेलरवर एक कार चढवली, ट्रेलर जीपला जोडला, लिलावाच्या जागेमागच्या उतारावरून जीप खाली आणाय लावली. बालाज्याच बसला. ब्रेक दाबला तसं ट्रेलरनं मागून रेटलं, जीप आडवी होऊन बांधाला टेकली. पोरगं उतरलं अन् मागं ट्रेलरकडं बघाय लागलं.

ट्रकबी तसाच आणून बघितला. जड हाय, जागच्या जागी थांबला. तोच ठरवला.

वापस येताना बसमधी पोरगं खिडकीतून भाईर बघत होतं. नायगाव आलं तसं म्हणतंय, "आबा, ट्रकवर पुढं जीपसारखा तारा काढायचा का?"

काढ म्हणलं. जित्ता हायस, काय काढायचं ते काढ.