मफलरवाल्याचा उजवा गुडघा

मी, खाली सही करणारा, दवाखान्याच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, विधुर, एका मुलीचा बाप, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो देताना त्यांनी माझ्या काचेच्या कपाटाकडे एकदा पाहिलं, पण लिहायचं ते लिहिलं. आजार म्हणाल तर विशेष काही नाही. थकलो आहे. जिना चढून आलो की कुलपात किल्ली घालण्याआधी जरा दाराला टेकून उभा राहतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही; केलेलं निघालंच तर ते रद्द समजावं, हे वाक्य वकीलसाहेबांचं आहे.

कलम १. राहतं घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह आणि बँकेत जे काही उरेल त्यासह, माझ्या मुलीला मिळावं. बेसिनचा नळ गळतो. प्लंबर दरवेळी नवीनच कारण सांगून जातो. तिने ठेवावं की विकावं याबद्दल माझी काही अट नाही. ती परगावी रमली आहे आणि मला त्याचं बरंच वाटतं.

कलम २. ड्रिल मशीन आणि घडीची शिडी माझ्या धाकट्या भावाला. दोन्ही वस्तू कित्येक वर्षं त्याच्याकडेच आहेत. मागून मागून माझं तोंड दुखलं. आता दिल्या असं समजावं, म्हणजे त्याचीही "उद्या आणतो दादा" यातून सुटका होईल. मात्र त्याला या मृत्युपत्राचा व्यवस्थापक करू नये. माझी बायको गेली त्याच आठवड्यात तो या खोलीत उभा राहून म्हणाला होता, "वहिनी गेल्या, आता तरी ही खेळणी भंगारात काढ." त्याला उत्तर द्यायचं राहिलं. ते आता लेखी देतो: कपाटाला त्याने हात लावायचा नाही.

कलम ३. कपाटात जपानी कार्टून मालिकांमधल्या जुन्या, सांधे हलणाऱ्या फिगर आहेत. मफलरवाला सोडून बाकी सगळ्या मुलीने खुशाल विकाव्यात. विकण्याआधी त्यांची पारख चष्मेवाल्याकडून करून घ्यावी. चष्म्याचं दुकान चालवणारा हा माझा जुना मित्र. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही संग्राहक रविवारी जमायचो. पारख झाली की तो चिठ्ठीवर एक-दोन ओळींचा शेरा लिहून खाली सही करतो आणि मग कोणी कितीही गोड बोललं तरी त्यातला शब्द बदलत नाही. माझं त्याच्याशी भांडण आहे, त्याच्या नजरेशी नाही.

कलम ४. आता मफलरवाला. लाल मफलर, पाठीला धनुष्य, उंची वीतभर. मुलीच्या जन्माआधी तो या घरात आला, म्हणून लहानपणी ती त्याला दादा म्हणायची आणि जेवताना त्याच्यासमोर वाटी ठेवायची. तिला काय मिळतं आहे आणि काय नाही, हे तिला नीट कळावं म्हणून मीच पारख लिहून ठेवतो.

जुनी फिगर हातात घेताना आधी कंबर धरावी. हात-पाय धरून उचलणाऱ्याला आमच्यात कोणी दुसऱ्यांदा बोलवत नाही. मग वास घ्यावा. प्लास्टिक खराब व्हायला लागलं की गोडसर वास येतो आणि अंग चिकट लागतं. याला वास नाही, चिकटपणा नाही. चेहऱ्याचा रंग शाबूत, डाव्या भुवईवर बारीक टवका. मफलर मूळचा. छाती पिवळी पडली आहे; कपाट आधी खिडकीसमोर होतं त्याचा हा प्रसाद. बाण हरवले. खोका आहे, पण त्याच्या झाकणावर मुलीने दादाचं घर म्हणून दारं-खिडक्या काढल्या आहेत. संग्राहक याला नुकसान म्हणतील. म्हणू देत.

सांधे हलवण्याआधी फिगर थोडा वेळ मुठीत धरून उबदार करावी. थंड प्लास्टिकवर जोर केला की आतली खुंटी मोडते, आणि मोडल्याचा तो आवाज ज्याने ऐकला तो पुन्हा घाई करत नाही. खांदे, कोपरं, कंबर उत्तम. आतले स्क्रू मूळचे आहेत, याला पुरावा आहे. एकदा विभागात गर्दी नसताना मी मफलरवाल्याला एक्स-रेच्या टेबलावर झोपवलं होतं. प्लास्टिक जेमतेम सावलीएवढं दिसतं, पण स्क्रू लख्ख उमटले. डॉक्टरसाहेब नेमके तेव्हाच आत आले. फिल्म उजेडाला धरून म्हणाले, "पेशंटला फ्रॅक्चर नाही. घरी न्या." ती फिल्मही फिगरसोबत द्यावी.

राहिले गुडघे. डावा सैल आहे. उजवा घट्ट आहे, पण कारखान्यातून आला तसा नाही. त्याच्या खुंटीवर बिनरंगाच्या नेलपॉलिशचा थर आहे. कोणीही जाणकार हा थर बघताक्षणी म्हणेल की फिगरमध्ये ढवळाढवळ झाली आहे, आणि पुसून ती मूळ रूपात आणायला निघेल. तेच होऊ नये म्हणून हे सगळं मृत्युपत्र लिहायचा खटाटोप केला. घराचं काय, ते न लिहिताही मुलीलाच मिळालं असतं.

कलम ५. नेलपॉलिश माझ्या बायकोने लावलं. नखांना तिने ते कधीच लावलं नाही. चष्म्याचा स्क्रू, कुकरचा दांडा, बटणाचा सुटलेला दोरा, सगळ्यावर तिचा हाच एक उपाय. मफलरवाल्याचे दोन्ही गुडघे तेव्हा ढिले झाले होते. दार आपटलं की तो तोंडावर पडायचा आणि मी दार आपटणाऱ्याच्या नावाने सुरू व्हायचो. एकदा कामावरून आलो तर ती बाल्कनीत बसून त्याचे दोन्ही पाय सायकल चालवल्यासारखे हलवत होती.

"काय चाललंय हे?"

"वाळेपर्यंत हलवत राहायचं, नाहीतर चिकटून बसेल. तो पडतो आणि तुमचं तोंड सुरू होतं. दोघांचाही एकदमच बंदोबस्त केला."

मी डोक्याला हात लावला. संग्राहकाच्या घरात, मूळ खुंटीवर नेलपॉलिश! पण त्या दिवसापासून मफलरवाला पडला नाही.

ती गेल्यानंतर मी काही महिने दुकानात गेलोच नाही. मग एका रविवारी, माणसांत बसावं म्हणून गेलो आणि मफलरवाल्याला सोबत नेलं. चष्मेवाल्याने त्याला कंबरेला धरून उचललं, भिंगाखाली गुडघे पाहिले आणि मी चहाचा कप घेऊन वळेपर्यंत स्पिरिटचा बोळा फिरवायला सुरुवात केली. चांगल्याच हेतूने. म्हणाला, "कोणीतरी चोपडून ठेवलंय रे. काढून टाकतो, खाली माल अस्सल आहे." तोवर डावा गुडघा स्वच्छ झाला होता. तिने लावलेलं त्या कापसावर आलं आणि कापूस टोपलीत गेला.

मी फिगर हिसकावून घेतली आणि त्याला चारचौघांत नको ते बोललो. तो म्हणाला, "दुरुस्ती लपवून विकायचा विचार होता की काय?" कारण सांगायचं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत मी ते कोणासमोरच घेत नव्हतो. मी निघून आलो. तेव्हापासून बोलणं बंद. आता मफलरवाला उभा राहतो तो उजव्या पायावर भार देऊन. डावा नुसता टेकवलेला असतो.

घरात तिच्या हातचं बाकी काय आहे? कपडे भावजयीने वाटले, लोणच्याची बरणी संपली. हा गुडघा तेवढा अजून धरून आहे. मला तिची फार आठवण येते, हे कुठल्या कलमात घालायचं ते वकीलसाहेबांना माहीत नाही, म्हणून इथेच लिहितो.

कलम ६. मफलरवाला, खोका आणि फिल्म मुलीला. अट एकच: उजवा गुडघा पुसू नये आणि पुसणाऱ्याच्या हाती देऊ नये. तिला नको असेल तर चष्मेवाल्याला द्यावा, असं मी आधीच्या कच्च्या प्रतीत लिहिलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करता येत नाही. एक काय ते ठरवा." दोन दिवस विचार केला. वस्तू मुलीकडेच शोभेल. चष्मेवाल्याची मला सहीच हवी आहे.

काल त्याला फोन केला. "सहीला ये," म्हटलं. "कशाच्या?" म्हणाला. "येऊन बघ," म्हटलं. आज आला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, तरी मी कलम चार आणि पाच त्याच्यासमोर सरकवली. त्याने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांपाशी धरून वाचली. चष्मेवाला असून वाचताना चष्मा काढतो, यावरून माझी बायको त्याला फार चिडवायची.

मग म्हणाला, "वहिनींनी लावलं होतं?"

"हो."

"एका शब्दाने सांगायचंस ना रे."

"नाही निघाला शब्द."

त्याने कागद टेबलावर ठेवले. मग मफलरवाल्याला मागून घेतलं आणि आपल्या मुठीत धरून उबदार करत बसला. मी ही शेवटची ओळ लिहितो आहे तेव्हाही तो तसाच बसला आहे. आता सह्या होतील.

ठिकाण : राहत्या घरी, जेवणाच्या टेबलापाशी
दिनांक : ९ नोव्हेंबर, रविवार

लिहून ठेवणाऱ्याची सही : (सही)

साक्षीदार : खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर. आमच्यासमक्ष सही केली, शुद्धीत केली. (सही)

साक्षीदार : चष्मेवाला. सही माझ्यासमोर झाली.
शेरा : फिगर पाहिली. उजवा गुडघा उत्तम. डावा माझ्या हातून गेला. (सही)