वाघोबाला वाहिलेल्या डहाळ्या

जोगेश्वरी,
१२ डिसेंबर १९८४

प्रिय वनमालाताई,

तुला वाकून नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना?

यांचं रविवारचं डोंगरात फिरणं चालूच आहे. आरेतून विहार तलावाकडे जाणारी वाट यांच्या किती पायाखालची, तुला ठाऊकच आहे. तुम्हालाही नेलं होतं, तेव्हा भाऊजी चिखलात घसरले होते. त्या वाटेवर वाघोबाचा दगड आहे. तिथून जाताना सगळेच एक हिरवी डहाळी वाहून पुढे जातात, तसे हेही.

परवाच्या रविवारी यांना यायला दुपार झाली. पाड्यावरची लता हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "बाई, बाबा सकाळपासून तिथंच फिरत होते. फिरून फिरून यायचे नि परत नवी डहाळी वाहायचे."

मी यांना विचारलं, तर हसले. "काहीतरीच. एकदाच वाहिली मी."

आमच्या चंदूला एवढ्यात कळवू नकोस. डॉक्टरांना दाखवते, मग मीच लिहीन.

या रविवारी मीही बरोबर जाणार आहे. पण ताई, इतकी वर्षं मी यांच्या पाठीकडे बघत चालत आले. वाट कधी पाहिलीच नाही.

तुझीच,
प्रेमा