आईला त्याचं नाव आठवत नाही

वानखुआ,
९ फेब्रुवारी १९९३

चि. झुआला यास, थोरल्या बहिणीचे अ. आ. वि. वि.

वरचं चार अक्षरांत उरकलं, कारण कागद एकच आहे आणि सांगायचं फार. माझी शाळा तिसरीत सुटली ती सुटलीच. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच.

आई बरी आहे. म्हणजे जेवते, चालते, डुकराला खायला घालते, कधी दोनदा घालते. डुक्कर तेवढं खूश आहे. पण डोक्यातलं सगळं गळत चाललंय. मला कधी तिची मेलेली बहीण समजते, कधी पाणी भरणारी कुणी बाई समजून माझे आभार मानते. आभार! साऱ्या जन्मात मानले नव्हते.

परवा उपा ह्रांगा आले होते. देवळाच्या मंडळीचे वडीलधारे, आजाऱ्यांना भेटत फिरतात. ईस्टरला पाळक येणार, प्रभुभोजनाची भाकर वाटणार, तर आईला ती द्यायची की नाही हे बघायला आले होते. पण ते सांगायच्या आधी त्यांनी माझा चहा आणि गूळ संपवला. मग आई बहिरी असल्यासारखं मोठ्यानं विचारलं, आजी, तुमच्यासाठी कोण मेलं? आई ताडकन उठली. म्हणाली, कोण मेलं? कधी? आणि मला कुणी सांगितलं कसं नाही? तिनं पुआन कमरेला गुंडाळली, सरपणाची मोळी उचलली आणि निघाली मयताच्या घरी बसायला. दारातून तिला मागं ओढता ओढता माझा दम निघाला. प्रभू, एवढंच म्हणायचं होतं तिनं. मला हसू आलं. उपा हसले नाहीत. म्हणाले, रोखुमी, आत्म्याचं तारण कृपेनं होतं खरं, पण विश्वासाच्या वाटेनं. आणि कुणावर विश्वास ठेवायचा तेच ठाऊक नसेल तर? तेव्हापासून घास गोड लागत नाही.

हात मात्र विसरलेले नाहीत बरं का. भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ मंडळीच्या डब्यात, हे तिनं कधी चुकवलं नाही. बांबू फुलला आणि उंदरांनी शेतं खाल्ली त्या साली तू तिच्या पाठीवर होतास. घरात दाणा नव्हता तर तिनं रानातल्या कंदाची मूठ काढून ठेवली. मी रडले होते त्या कंदासाठी. आता ती शिजलेल्या भाताची मूठ काढते, शेजारणीच्या घरात शिरून तिच्या टोपातली काढते, परवा चुलीतली राख काढली. शनिवारी तांदूळ गोळा करणाऱ्या बाया ते सगळं निवडत बसतात आणि माझ्याकडं बघायचं टाळतात.

तू शिकलेला पाळक. लिही, आईचं काय होणार? ती त्याला विसरली तर तोही तिला विसरणार का? आणि लिहिण्यापेक्षा ये. आपल्यात आईबाप धाकट्या मुलाकडं असतात, आणि धाकटा तू आहेस. तू देवाच्या कामाला गेलास म्हणून गावानं तुला त्यातून सोडलं असेल, मी सोडलेलं नाही. संध्याकाळी जीपचा आवाज आला की आई दारात जाऊन उभी राहते. कुणाची वाट बघते ते तिला सांगता येत नाही. मला येतं.

लोभ आहे तेवढा पुरे, आता तोंड दाखव.

तुझी ताई,
रोखुमी

पाक्रो, अरुणाचल,
२ मार्च १९९३

ती. ताईस, सा. न. आणि प्रभूच्या नावात सलाम. वि. वि.

तुझं पत्र आलं. दोनदा नाही, बरेचदा वाचलं. आई मोळी घेऊन निघाली तिथं मी मोठ्यानं हसलो आणि मग पत्र घडी करून ठेवलं. इथं धुकं उतरलं की उगाच आपल्या परसातल्या मोहरीच्या पाल्याचा वास येतो. इथं मोहरी कुणी लावत नाही.

तू विचारलंस म्हणून नीट लिहितो. कृपा म्हणजे देवानं पुढं केलेला हात. विश्वास म्हणजे तो धरणारा आपला हात. मूठभर तांदळानं कुणी तरत नाही. तरलेल्या माणसाच्या हातून ती मूठ आपसूक सुटते. झाड आधी, फळ मागून. आईनं तो हात जन्मभर धरला आहे. तिच्याजवळ बसून रोज वचन वाच, त्याचं नाव पुन्हा पुन्हा तिच्या कानावर घाल. आतून कुठून तरी ती त्याला धरून ठेवील, असा माझा भरवसा आहे. उपांवर रागावू नकोस, ते मनानं वाईट नाहीत.

येण्याचं म्हणशील, तर ताई, जीव तुटतो. पण मुलांच्या वसतिगृहाचं छप्पर पावसाच्या आत व्हायला हवं आणि मी हललो की काम थांबतं. शिवाय तुला एक सांगतो. मी पोटात असताना आईनं मला देवाला देऊन टाकलं होतं, हे ऐकतच मी मोठा झालो. ते देणं फुकट गेलं असं तिला वाटता कामा नये. छप्पर होऊ दे, पहिली मुलं दहावीला बसू देत. मग तिला सांगण्यासारखं काही घेऊन येईन. रिकाम्या हातांनी कसा येऊ?

तिच्यासाठी लोकरीची शाल पाठवतो आहे. लोभ वाढवता आला तर वाढव, राग जमेल तेवढा उतरव.

तुझा,
झुआला

वानखुआ,
२० एप्रिल १९९३

चि. झुआला यास आशीर्वाद, अर्धाच. उरलेला आलास की घे.

शाल पोचली. आईनं ती डुकराच्या खोपटावर वाळत घातली. डुक्कर पुन्हा खूश.

तुझं पत्र मी शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, म्हटलं माझ्याच वाचण्यात काही सुटलं असेल. नाही सुटलं. तूच सोडलंस. धरणारा हात, धरणारा हात! अरे, तो हात सुटला तर काय, एवढंच तर मी विचारलं होतं. बाकी सगळं लिहिलंस, छान लिहिलंस, मास्तर वाहवा म्हणाले. मी वचन वाचते तेव्हा आई अगत्यानं ऐकते आणि शेवटी विचारते, मग त्या माणसांचं पुढं काय झालं, पीक आलं का?

आणि ऐक, आता मूठही थांबली. तांदूळ समोर ठेवला तर नुसती बघत बसते. मी डबा तिच्या हातात दिला, तिनं कानाशी नेऊन हलवून बघितला आणि परत दिला. म्हणजे विश्वास तर नाहीच, आता तुझं ते फळही गेलं. कशाच्या जोरावर जाईल सांग ती?

ईस्टरच्या रविवारचं सांगते. भाकरीचं ताट बाकाबाकावरून फिरत आलं. आईनं इतरांचं बघून ओंजळ पुढं केली. उपा ह्रांगांनी ताट तिच्या हातांवरून हळूच पलीकडं नेलं. दुष्टपणानं नाही, त्यांचे डोळे खाली होते. पण आईची ओंजळ तशीच राहिली, पुढं केलेली. तुला सांगते, शेतं जाळताना धग लागते तशी माझ्या तोंडाला धग लागली. माझ्या हातातला तुकडा मी तिच्या तोंडात घातला. अख्खा. तिनं चावून खाल्ला आणि भर देवळात म्हणाली, चांगला आहे गं, तुला नाही का मिळाला? नाही मिळाला, म्हटलं.

आता मेच्या दुसऱ्या आठवड्यात उपांची बैठक आहे. मला प्रभुभोजनापासून बाजूला ठेवायचं का आणि आईचं कसं करायचं, ते ठरवणार. बायकांना आत घेत नाहीत. मला बाजूला ठेवा, माझं काही जात नाही, मी दार वाजवत बसेन. पण आईला तिच्या शेवटच्या दिवसांत तिच्याच मंडळीनं परकी करायची?

मी अडाणी आहे, चुकत असेन तर सांग. पोराला पुआननं पाठीशी बांधून आपण डोंगर चढतो ना, ते पोर आधी गळ्याला घट्ट धरतं. मग झोप लागली की त्याचे हात सुटतात. म्हणून ते पडतं का? तू पडलास का कधी? आपण धरलं म्हणून राहिलो असं त्या पोराला वाटत असेल तर वाटू दे. आता आई झोपली आहे असं धर. तर मग?

आणि रिकाम्या हातांचं तू मला सांगूच नकोस. पणजोबांच्या काळी मेल्यावर त्या पलीकडच्या सुखाच्या देशात जायचं तर रानगवे मारावे लागत, गावजेवणं घालावी लागत. आपली पणजी दुसऱ्याची धुणी धुणारी, ती कसली जेवणं घालते! फुकट आहे, सगळ्यांना आहे, असं पाद्र्यांकडून ऐकल्याबरोबर ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. म्हणून आपण आज देवळात आहोत. आणि तू तेच फुकटचं तिथं गावोगाव सांगत फिरतोस, आणि स्वतःच्या आईकडं यायला तुला छप्पर पाहिजे, दहावीची पोरं पाहिजेत! कुणी मागितलंय ते?

ये रे. मी थकले आहे. हे मी कुणाला म्हणत नाही.

लोभ कुठं गेलेला नाही, वाट बघत बसलाय.

तुझी ताई

पाक्रो,
२८ मे १९९३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुमच्याकडून निघून इथं सुखरूप पोचलो. वाटेत दरड कोसळली होती म्हणून उशीर झाला. निघताना तू फणसाच्या झाडाआड उभी होतीस, मी बघितलं. बघितलं नाही असं दाखवलं.

जे तिथं बोलता आलं नाही ते लिहितो. मी आलो तेव्हा तू शेतावर होतीस. तू आल्यावर मला बघून आधी शिव्या दिल्यास, मग चूल पेटवलीस, आणि मी अगोदरच जेवलो आहे हे ऐकून पुन्हा शिव्या दिल्यास. आईनं वाढलं म्हटलं तर तुला खरं वाटलं नाही. खरंच वाढलं होतं.

ती उंबऱ्यात बसली होती. मी पिशवी टेकवली. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, लांबून आलास वाटतं, पाय बघ कसे झालेत. आत ये. मी म्हटलं, आई, मी झुआला. ती म्हणाली, झुआला माझा मुलगा आहे. तो फार लांब असतो. देवाचं काम करतो, त्याला सवड होत नाही. तू बस.

ताई, तिनं सकाळचा भात काढला, गार. वर पाल्याची भाजी. मीठ घालायची विसरली होती. मी जेवता जेवता तिला सांगायला लागलो. शाळेचं सांगितलं, छपराचं सांगितलं, कुठल्या कुठल्या गावांना चालत गेलो ते सांगितलं. इतकी वर्षं जे जे तिच्यासाठी साठवलं होतं ते सगळं. तिनं मध्येच थांबवलं. म्हणाली, बोलतोस किती, आधी भात खा. आणि माझ्या ताटात आणखी वाढलं. मी कुणाचा, काय करून आलो, यातलं तिला काहीच नको होतं. मला भूक लागली आहे एवढं तिला दिसलं होतं. मग जरा वेळानं म्हणाली, तू त्या बाजूला जाणार असशील आणि माझा मुलगा भेटला, तर त्याला जेवायला ये म्हणावं.

म्हणतो, म्हटलं. मग ताटात वाढलेलं सगळं संपवलं.

बैठकीत मी काय बोललो म्हणून तू विचारलंस आणि मी टाळलं. चार पानी टिपण करून नेलं होतं, शास्त्राधारांसह. ते खिशातच राहिलं. मी एवढंच सांगितलं की परवा मी एका घरी जेवलो, तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. आणि मग तुझं पाठीवरच्या पोराचं सांगितलं, तुझं म्हणूनच सांगितलं. उपा ह्रांगांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आईनंही बांबू फुलल्याच्या दुष्काळात आपल्या आईसारखीच कंदाची मूठ काढली होती, म्हणाले. आणि मग म्हणाले की पुढच्या वेळी ताट आधी दारकुंगी आजीकडं, म्हणजे आपल्या आईकडं न्यायचं, घास ते स्वतः भरवतील. तुझ्याबद्दल ठराव झाला नाही. तू पुढच्या वेळी देवळात जरा कमी आवाजात बोलावंस एवढं ठरलं.

मी तुला हात धरण्याचं लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. पण मी जन्मभर नुसतं धरणंच केलं, ताई, मुठी आवळून. सुटलो तर काय होईल ते मी कधी करून बघितलं नव्हतं.

छप्पर अर्धंच झालं आहे. पाऊस आत येतो, मुलं टोप घेऊन पळतात आणि हसतात. मंडळीला लिहिलं आहे की माझ्या जागी कुणाला तरी पाठवा. नाताळच्या आत घरी येतो. सांगण्यासारखं काही नसलं तरी येतो.

लोभ माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे, तसाच असू दे.

तुझा,
झुआला

वानखुआ,
१७ जून १९९३

चि. झुआला यास, ताईचा आ. या खेपेला पुरा.

पत्र पोचलं. मी स्वतःच वाचलं, मास्तरांना दिलं नाही. पाऊस लागला आहे, जळवा झाल्या आहेत, मक्याला कणसं धरली आहेत. उपा ह्रांगा काल मका मागायला आले आणि आईजवळ तासभर बसले. प्रश्न एकही विचारला नाही. आईनं त्यांना विचारलं, तुमचं कुणी गेलंय का, असे गप्प का? ते म्हणाले, नाही आजी, सगळे आहेत.

आई थकत चालली आहे. फार उठत नाही. मी भरवते, ती तोंड उघडते. नाताळ लांब आहे, झुआला. मी काही म्हणत नाही, पण लांब आहे.

एक सांगायचं म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून आई रोज संध्याकाळी विचारते, तो माणूस घरी पोचला का? आधी मला कळेना कुठला माणूस. तो रे, म्हणते, उपाशी आला होता तो, बोलत होता खूप. वाटेत पाऊस असेल, त्याच्याकडं काही पांघरायला होतं का? तुझं पत्र येईस्तोवर मी रोज, ठाऊक नाही आई, एवढंच म्हणत होते. तो तुझाच मुलगा म्हणून एकदा सांगून बघितलं, तर मला वेडी समजून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पत्र आलं त्या दिवशी मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, आई, तो माणूस पोचला. सुखरूप पोचला, लिहिलंय त्यानं. तिनं माझा हात धरला. म्हणाली, बरं झालं गं बाई. त्याच्या आईचा जीव भांड्यात पडला असेल.

आणि कुशीवर वळून झोपली.

लोभाचं काय लिहू, तो इथंच आहे.

तुझी ताई,
रोखुमी