मागच्या भिंतीतली पन्हाळ

बल्लारपूर,
रविवार

प्रिय अश्वजित,

सप्रेम जय भीम. सकाळची वंदना आटोपून लिहायला बसले आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. तुझ्या बहिणीजवळ, रोशनीजवळ तू म्हणालास म्हणे, की आईने चारचौघांत माझं नाक कापलं. खरं आहे. तुझ्या हॉटेलच्या उद्घाटनाला सगळ्या पाहुण्यांसमोर मी ओंजळीतलं सरबत जमिनीवर टाकलं आणि सरळ बसस्टँड गाठलं. आज बारा दिवस झाले, अजून हातांना तो वास येतो. राखेने घासले तरी जात नाही.

तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. मूल गावची ती धानाची गिरणी पडायला आली होती, ती तू उभी केलीस. सागवानी तुळयांना रंग न फासता तेल पाजलंस, सिमेंटऐवजी चुना लावलास, मोठं चाक पुसून जागेवरच ठेवलंस. धान वाळायचं त्या अंगणात आता टेबलं मांडून लोक जेवतात, बरं वाटलं. जुनं टाकून न देणं मला आवडतंच. तुझा शाळेचा स्वेटर उसवून मी रोशनीचं टोपरं विणलं होतं.

पण ती मागची भिंत! तिच्यातून बाहेर येणाऱ्या पन्हाळीला तू तांब्याचं तोंड बसवलंस, वर दिवा लावलास, बाजूला पाटी, 'जुन्या काळची जलधारा'. आतून वेटर मोहफुलाचं सरबत ओतणार आणि बाहेर माणसं वाकून ओंजळीने पिणार. सरबत सुरू व्हायच्या आधीच फोटो चालू झाले होते. एक बाई खिदळत मैत्रिणीला म्हणाली, "अगं, अजून वाक ना, मजूर वाटली पाहिजेस!" तेवढ्यात तू हाक मारलीस, "आई, ये न इथी, पहिली ओंजळ तुझी." तुझं मन मोडवेना, म्हणून हात पुढे केले.

तुझी आजी बायनाबाई त्या गिरणीत धान पाखडायला जायची, एवढंच तुला ठाऊक. मी सात वर्षांची होते, उन्हाळ्यात तिच्या मागे जायची. ओसरीवर माठ होता, पितळी पेला होता, तो बाकीच्या बायांसाठी. आमच्या वस्तीतल्या बायांनी मागे जाऊन भिंतीवर थाप मारायची. आतला माणूस त्याच्या सवडीने बादली ओतायचा. पन्हाळ मुद्दाम इतकी खाली, की गुडघे टेकल्याशिवाय पाणी मिळू नये. दीक्षा घेऊन चौदा वर्षं झाली होती, तरी. घरी बुद्धापुढे हात जोडणारी माझी आई तिथे हात पसरायची. एकदा तो आतून हसून म्हणाला, "अजून वाक वं बायना, बैलं बी वाकतेत." आई प्यायली. तहान लागली होती. वाटेत मला म्हणाली, "घरी सांगू नको. पुढं तुह्या लेकरायलेही सांगू नको, त्यायची मान खाली जाईन."

मी पाळलं. मागच्या वर्षी तू फोनवर विचारलंस, "आई, मागच्या भिंतीत भोक आहे, कशाचं असंन?" मी म्हटलं, "पाण्याचं असंन," आणि फोन ठेवला. पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील मी रोज म्हणते. खोटं तर मी बोलले नाही, पण तुझी ती पाटी माझ्या त्या उत्तरातूनच आली. शिसारी त्या बाईची आली, सरबताची आली, क्षणभर तुझीही आली. घरी येऊन स्वतःची आली, ती काही जात नाही.

म्हणून आज आईला दिलेला शब्द मोडते आहे. मान खाली जायची तर वाकवणाऱ्यांची जावी, तुझी काऊन? हे वाचून तू लगेच गवंडी बोलावशील, भोक बुजवायला. तुझा स्वभाव मला माहीत आहे. बुजवू नकोस. सरबत बंद कर, ते तांबं काढ, दिवा राहू दे. पाटीवर लिही, इथे कोण वाकायचं आणि कोण वाकवायचं. आजीचं नाव पूर्ण लिही. मग मला बोलाव. मी पुढच्या दाराने येईन, अंगणात खुर्चीवर बसेन आणि ग्लासभर साधं पाणी मागेन. ते तूच आणून दे.

तुझीच,
आई